पहिल्या धारेची

मी रम गाळण्याच्या कारखान्यात केमिस्ट होतो आणि आयुष्यात मी दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की ऐकणारा त्यांतलं एक खोटं धरून चालतो. बहुतेक जण दुसरं धरतात. लग्नानंतरची काही वर्षं मी घरी आलो की बायको अंगणातच जवळ येऊन हळूच वास घेत असे, आणि वास तर यायचाच. कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा.

कारखाना भंडाऱ्याच्या बाहेर होता, लहानसाच. आम्ही नदीपलीकडे कारध्याला राहायचो, वडिलांच्या घरी. वडील बिड्या वळायचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले तेव्हा मी त्यांच्या बोटाला धरून होतो. घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती आणि ती आमच्या घरात कोणी मोडली नाही. पुढे मी बी.एस्सी. झालो, पुष्कळ वणवण केली, आणि नोकरी मिळाली ती नेमकी इथं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बिड्या वळत होते. त्यांनी हातातलं पान कापून पुरं केलं आणि म्हणाले, "पोटासाठी करून राहिला, तं कर. मले त्यातलं काही सांगू नको."

त्यांनी त्यांच्या बाजूनंही ते पाळलं. पगार वाढला का, साहेब कसा आहे, आज उशीर का झाला, असं कधीच काही विचारलं नाही. संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना पाचवं, दारू न पिण्याचं शील आलं की त्यांचा आवाज थोडा चढायचा, एवढंच.

या नोकरीत मी रोज भ्यालो. लोकांना वाटतं दारूच्या कारखान्यात मजा असेल. तिथं हवेत स्पिरिटची वाफ असते आणि एक काडी पुरते. उसाची मळी आंबवायच्या टाक्यांवर फेस असतो, फेसावर न दिसणारी जड हवा साचते, आणि कोणी कौतुकानं टाकीत वाकून पाहिलं तर सरळ व्हायच्या आधीच भोवळ येऊन आत पडतो. अशा जागी आमच्या मॅनेजरांना पाहुणे बोलावून कारखाना दाखवायची भारी हौस होती. कचेऱ्यांतले अधिकारी यायचे, कॉलेजचे प्राध्यापक यायचे, एकदा तर एक भजनी मंडळ आलं. दाखवायचं काम माझ्याकडे, कारण मला बोलता येतं आणि मला शेवटी चढलेली नसते.

दाराशी एक परात ठेवलेली असे. पाहुण्यांनी खिशातल्या बिड्या आणि माचिस तिच्यात टाकायच्या, मगच आत यायचं. आमचा जिल्हा बिडीचा. परात भरून वाहायची. तरी एका निवृत्त हेडमास्तरांनी मोज्यात दुसरी माचिस राखली होती आणि भट्टीच्या दारात, मी पाठ फिरवून तापमान समजावून सांगत असताना, त्यांनी बिडी तोंडात धरून काडी बाहेर काढली. मी त्यांच्या हातावर फटका मारला. आयुष्यात एका हेडमास्तरला मारलं ते तेवढंच.

फेरीच्या शेवटी चव देण्याचा कार्यक्रम. मी थोडी रम तळहातावर चोळायचो आणि नाकाशी नेऊन सांगायचो: हा जळक्या साखरेचा वास, हा लाकडी पिंपाचा. पाहुणे पेले उचलायचे आणि विचारायचे, "तुमचा पेला कुठंय?" मी तळहात दाखवायचो.

आता एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भट्टीतून दारू उतरते ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी नसते. सुरुवातीला जे उतरतं ते झोंबरं, डोक्यात जाणारं, अंगाला वाईट. ते वेगळं काढायचं. मधलं ठेवायचं. शेवटचं पुन्हा भट्टीत टाकायचं. आमची सगळी विद्या ते दोन सांधे ओळखण्यात होती. पण गावोगाव समज उलटा. घरात मोहाची गाळणारे लोक पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यांत अस्सल मानतात, कारण ती घशात जाळ करते. मानाच्या माणसासाठी राखून ठेवायची ती पहिल्या धारेची.

आम्ही ती वार्निशवाल्यांना विकत असू. कोणी पिऊ नये म्हणून आधी तिच्यात सरकारी इन्स्पेक्टरासमोर मेथिल मिसळायचं, आणि मग एक अत्यंत घाणेरड्या वासाचं द्रव्य, म्हणजे चुकूनही कोणी तोंडाला लावणार नाही. मेथिल हेही एक अल्कोहोलच, पण विषारी. त्याला वेगळा रंग नाही, ओळखू येईल अशी चव नाही, आणि नशाही जवळपास तशीच. ते आपलं काम दुसऱ्या दिवशी दाखवतं.

नोकरीला लागलो तेव्हा माझ्या आधीच्या केमिस्टनं मला मुद्दाम एका माणसाच्या घरी नेलं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यात हमाल असताना तो मेथिल घातलेलं स्पिरिट प्यायला होता. डोळे अगदी चांगले, पाणीदार. आम्ही बोलत होतो आणि तो हसून उत्तरं देत होता, फक्त माझ्या तोंडाकडे न पाहता माझ्या कानाच्या थोडं पलीकडे पाहत होता. बाहेर आल्यावर केमिस्ट म्हणाले, "हे लक्षात ठेवा." ते मला विसरताच आलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वैशाखाचे दिवस. एका पिंपात पहिल्या धारेची साठली होती, तिच्यात शनिवारी मेथिल घालून झालं आणि मग लक्षात आलं की वासाचं द्रव्य संपलंय. ते सोमवारी नागपूरहून येणार होतं. पिंप झाकण घट्ट करून भट्टीमागच्या कोपऱ्यात ठेवलं. भट्टीवर जेवढे होते तेवढ्या सगळ्यांना मी बजावलं. दसरुजी तेवढे नव्हते.

दसरुजी आमचे सगळ्यांत जुने भट्टीवाले, लाखांदुराकडच्या दिघोरीचे. पुतणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले होते, ते रविवारी सकाळी उजाडताच परतले, डोक्याला अजून लग्नातलं पागोटं. आणि त्याच रविवारी माझे भाऊजी कारखाना पाहायला आले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुशीलाताईचे यजमान. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली सुरुंग भरणाऱ्या टोळीचे मुकादम. गडी दणकट आणि हसरा. सोबत खाणीतले चौघं होते. प्रतिज्ञा भाऊजींच्या घरीही होत्या, पण खाली उतरणारा माणूस कधीमधी घेतो हे मला माहीत होतं, ताईला अंदाज होता, आणि आमच्या वडिलांना पत्ता नव्हता. मी सगळ्यांना फिरवलं, टाकीपासून लांब उभं केलं, चवीच्या टेबलापर्यंत आणलं. पेले भरणार तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, नागपूरहून फोन आहे. वासाच्या द्रव्याचाच फोन होता. लाइन खरखरत होती, ओरडून बोलावं लागलं. परत आलो तेव्हा मंडळी खुशीत होती, भाऊजी डोळे पुसत हसत होते. ट्रकची वेळ झाली म्हणून ते निघाले. मी हात हलवला.

सोमवारी सकाळी दसरुजी माझ्या टेबलापाशी आले. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"साहेब, जवाईबापूले आवडली ना जी?"

"कोणती?"

"आता कोणती म्हणता! तुमी फोनवर गेल्ते, तवा देल्ली ना मी. आमच्या दिघोरीत जवायाले मधल्या धारेची पाजत नाईत. कोपऱ्यातल्या पिपातली देल्ली, पहिल्या धारेची."

माझ्या हातातली काचेची नळी टेबलावर पडली. फुटली नाही, गोल गोल फिरत राहिली.

"किती दिली?"

"गिलासभर. डोळ्यातून पानी निंगालं त्याइच्या. पन म्हनले, दसरुजी, हे खरी."

"बाकीच्यांना?"

"नाई जी. ते काय जवाई होते?"

"तुम्ही घेतली?"

"मानाची होती. मी कायले घेऊ?" आणि मग माझं तोंड पाहून, हळू आवाजात, "काहून जी? काय झालं?"

मी सांगितलं. ते मटकन खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि नुसते त्याच्याकडे पाहत राहिले.

मेथिलवर उतारा काय, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. म्हणून मॅनेजरांची जीप मागताना मी रमची एक सीलबंद बाटली घेतली आणि शर्टाच्या आत, पोटाशी धरली. फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाला चाचपायचा, मॅनेजरांच्या ड्रायव्हरलासुद्धा. मला कधीच नाही. "याइले तपासून काय करू," म्हणायचा. त्या दिवशीही त्यानं सलाम केला. बाटली माझ्या घामानं भिजली होती.

दसरुजी न विचारता जीपमध्ये मागे येऊन बसले. चिखल्याला जाताना तुमसरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. डोळ्यांपुढे तो हमाल होता, आणि माझ्या कानापलीकडे पाहणारे त्याचे डोळे. मागून दसरुजींचं एकच चाललं होतं, "मले पोलिसात देऊन द्या साहेब, पन त्याइले काही होऊ देऊ नका." मी त्यांच्यावर ओरडलो.

चिखल्याला कामगारांच्या चाळीत ताई दारातच गहू निवडत होती.

"बाबू? एवढ्या उनाचा कसा आला तू?"

"भाऊजी कुठायत?"

"डूटीवर. सकायीच गेले."

"बरे होते?"

"डोकं दुखून राहिलं म्हणे. अन् बाहेर पाहून म्हणतेत, आज धुकं काहून पडलं? मी म्हटलं, वैशाखात कायचं धुकं? झोप नाई झाली तुमची."

तिच्या दारात ऊन लखलखत होतं. तो माणूस धुकं डोळ्यांत घेऊन खाली उतरला होता, सुरुंगाची दारू भरायला.

खाणीच्या तोंडाशी आम्ही पळतच गेलो, ताई हातातल्या सुपासकट. तिथल्या कारकुनानं खाली फोन लावला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. सुरुंग उडायची वेळ जवळ आली होती, आणि ती वेळ टोळीचा मुकादम पाहायचा. मी त्या काळ्या भोकाकडे पाहत उभा होतो. मला देव नाही. हात कुणापुढे जोडावे तेही कळत नव्हतं. शेवटी खालून उत्तर आलं. लोखंडी पिंजरा करकरत वर यायला लागला.

भाऊजी एका कामगाराच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले. तो कामगार कारकुनाला सांगत होता, "मुकादमानं दोनदा दिवा बदलला. म्हणतेत, उजेड देऊन नाई राहिला. दिवे तं चांगले आहेत." त्यालाच संशय आला होता आणि त्यानं सुरुंग भरू दिले नव्हते. त्या कामगाराचं नाव विचारायचं मी विसरलो, याची अजून रुखरुख आहे.

"भाऊजी," मी म्हटलं.

"कोण, बाबू? आवाज तं तुझा आहे." आणि ते हसले, माझ्या कानाच्या पलीकडे पाहत.

खाणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी लगेच सलाइन लावलं, सोड्याची सुई दिली, आणि मग म्हणाले, "उतारा एकच आहे. चांगली दारू. मेथिल स्वतः डोळे नेत नाही, शरीर त्याचं विष बनवतं. पण चांगली दारू पोटात असली की शरीर आधी तिच्या मागे लागतं, तोवर मेथिल लघवीवाटे निघून जातं. नागपूरला न्यायला हवं, पण तेवढा वेळ फुकट घालवायचा नाही. इथं शुद्ध अल्कोहोल नाही."

मी शर्टातून बाटली काढली. डॉक्टरांनी ती वरखाली पाहिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही तरी बरोबर आहे ना?"

ही बाटली मीच तपासून पास केलेली होती. पण कालपर्यंत मी ज्या पिंपाबद्दलही निर्धास्त होतो त्यानंच हे केलं होतं. सील फोडलं, थोडी तळहातावर ओतली, चोळली, नाकाशी नेली. जळकी साखर. लाकूड. पुन्हा चोळली. इतकी वर्षं पाहुण्यांना करून दाखवलेली गंमत होती ती, आणि आता माझ्या बहिणीचा संसार त्या तळहातावर होता. "बरोबर आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माप ठरवून दिलं, पाणी घालून ठरावीक वेळानं पाजायची. पहिला पेला मी भाऊजींच्या ओठांना लावला तेव्हा ताईनं माझा हात धरला.

"बाबू, यानंच असं झालं, अन् आता तेच पाजून राहिला तू?"

"हाच उतारा आहे, ताई."

"बाबाले काय सांगू मी?"

"खरं सांग." हे बोलायला सोपं होतं. निरोप घेऊन जीप कारध्याला गेली आणि मला एका वेळी दोन गोष्टींची भीती वाटायला लागली.

नागपूरला न्यायची जुळवाजुळव सुरू होती, पण भाऊजींना उलट्या होत होत्या, आणि डॉक्टर म्हणाले, आज हलवायला नको. दिवस गेला, रात्र गेली. सकाळी भाऊजींना विचारलं काय दिसतं, तर म्हणाले, "पांढरं. सगळं पांढरं." ताई बाहेर गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. दसरुजी दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसून होते. दिलेली भाकरी तशीच कुत्र्यापुढे ठेवली. पुढचं आत्ताच सांगून टाकतो: त्यांनी नंतर भट्टीला हात लावला नाही. चौकशी झाली, त्यांच्यावर काही आलं नाही, तरी ते दिघोरीला निघून गेले ते गेलेच. मायेनं केलेल्या कामाची एवढी शिक्षा मी कोणाला भोगताना पाहिलेली नाही. मी जाऊन त्यांना परत आणायला हवं होतं, आणि मी गेलो नाही.

दुपार व्हायच्या आधी वडील आले. एस.टी.नं, खांद्याला पिशवी. मी नेमका पेला भरत होतो. ते दारात थांबले. जावई खाटेवर, मुलगा त्याच्या तोंडाशी रम धरून उभा, आणि खोलीभर तो वास. ज्या वासाला त्यांनी कारध्याच्या घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, अंगणात कपडे बदलायला लावले होते, तो. माझा हात थरथरायला लागला आणि रम चादरीवर सांडली.

वडिलांनी डॉक्टरांना विचारलं, "औषध आहे का थे?"

"हो. सध्या हेच औषध."

"मंग औषधासारखं द्या. असं सांडून देतेत का?" त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, बाहेर नळावर नेऊन राखेनं घासला, आणला. "किती घंट्यानं द्याचं?" डॉक्टरांनी सांगितलं. "तू बस तिकडे," ते मला म्हणाले. "तुझा हात हालून राहिला."

मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलो. वडिलांनी मापानं रम ओतली, मापानं पाणी घातलं. पेला धरताना ते मान वळवून घेत होते, पण जन्मभर बिड्या वळलेली बोटं. एक थेंब सांडला नाही. दर वेळी पाजण्याआधी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. जावई कधीपासून घेतो, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्या विचारण्याची वाट पाहत होतो आणि डोळे मिटणाऱ्या भाऊजींच्या तोंडाकडे पाहत होतो. हे डोळे पुन्हा उघडतील तेव्हा त्यांत काय असेल, याची मला इतकी भीती होती की ते मिटलेलेच बरे असं वाटत होतं.

उन्हं कलल्यावर वडिलांनी पुन्हा पेला भरला आणि भाऊजींच्या डोक्याखाली हात घातला. भाऊजींनी डोळे उघडले. बराच वेळ पापण्या मिचकावल्या. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"मामाजी," ते म्हणाले, "तुमच्या हातात गिलास?"

वडिलांनी पेला झटकन पाठीमागे नेला. पकडल्या गेलेल्या पोरासारखे ते तसेच उभे राहिले. मग ताई ओरडली, "दिसला! त्याइले गिलास दिसला!"

वडिलांनी पेला हळूच पुढे आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"कोणत्या रंगाची आहे, सांग बरं."

भाऊजींनी डोळे बारीक केले. "तांबूस," ते म्हणाले. "काठाले जराशी पिवळी."

वडील माझ्याकडे वळले. माझ्या कामातलं त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "बरोबर आहे."